आण्णाचा हिरवा रिपोर्ट

वहिनींचा फोन आला तेव्हा केडगावात मी शाळेला निघायच्या गडबडीत होते. "वन्सं, हे कांद्याच्या वाफ्यात पडल्यात... उठत न्हाईत." मी इनामगावला पोचेपर्यंत माझा थोरला भाऊ, आमचा आण्णा, गेलेला होता. दीड महिना झाला. लोक म्हणतात, आता मन शांत करा. कसं करू? आण्णा हार्टॲटॅकनं गेला, असं सगळे म्हणतात. मी म्हणते, माझ्या भावाला फसवलं.

आण्णा मुळात संशयी. बियाणं घेताना दुकानदाराला घाम फोडायचा. त्याचा डोळे झाकून विश्वास एकाच गोष्टीवर, माती परीक्षणावर. एकदा रिपोर्टप्रमाणे खत टाकलं आणि कांदा असा काही आला की गावभर सांगत सुटला. म्हणून त्याच्या पल्लवीनं, पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीनं, वाढदिवसाला जनुकांच्या तपासणीचा डबा आणला तेव्हा स्वारी खूश! नळीत थुंकला आणि म्हणाला, "ह्ये बरंय, आता माझं बी माती परीक्षण." त्या कंपनीनं पूर्वज कुठले एवढंच सांगितलं. त्यावर आण्णाचं समाधान कसलं होतंय? त्यानं दुसरीच वेबसाइट शोधली. पहिल्या कंपनीकडून मिळालेली जनुकांची फाइल त्यांना द्यायची आणि ते म्हणे पुढं होणारे रोग वाचून दाखवतात. तिथून मराठीत, ठळक हिरव्या अक्षरांत उत्तर आलं: हृदयविकाराचा धोका कमी. आण्णानं त्याची प्रिंट काढून लॅमिनेट करून घेतली.

शेवटचा भेटला तो माझ्याच घरी. जेवताना छाती चोळत होता, चेहरा उतरलेला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दौंडला चल, ईसीजी काढू. "ॲसिडिटी हाय गं." मी भांडले, आईची शपथ घातली. त्यानं पिशवीतून तो कागद काढून माझ्यापुढं धरला. "मातीचा रिपोर्ट कवा चुकला का? मग माझा कसा चुकंल?" आणि हसत गाडीला किक मारून गेला...

नंतर पल्लवीनं तो कागद दौंडच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, "यात ना रक्तदाब, ना तंबाखू, ना साखर. छातीत दुखणाऱ्या माणसानं यावर विसंबायचंच नसतं." मग आम्ही कागदाच्या तळाशी नीट पाहिलं. मुंगीएवढ्या इंग्रजीत लिहिलेलं: हा वैद्यकीय सल्ला नाही. वा रे वा! धीर द्यायचा मराठीत आणि हात झटकायचे इंग्रजीत! माझा भाऊ सातवी शिकलेला, हे काय त्या वेबसाइटवाल्यांना ठाऊक नसेल? ज्यानं मराठी निवडली, तो काय वाचणार आणि काय नाही, हे कळण्याइतके ते नक्की हुशार आहेत. पल्लवी रडते, "आत्या, डबा मीच आणला ना." मी तिला जवळ घेते. पोरीनं मायेनं दिलं होतं. दगा त्यांनी दिला.

आम्ही त्यांना कळवलं, माणूस गेला, त्याच्या जनुकांची माहिती पुसून टाका. त्यात त्याच्या लेकीचंही रक्त आहे. उत्तर लगेच आलं, अगदी गोड मराठीत: खातेदाराने स्वतः, स्वतःच्या मोबाइलवरून विनंती करावी.

तो मोबाइल वहिनी अजून रोज चार्जिंगला लावतात. पिन आण्णानं कुणाला सांगितला नव्हता. तो उघडतो त्याच्या अंगठ्यानं... आणि तो अंगठा आम्ही घोडनदीच्या काठावर जाळून आलोय.