मोर्शीला गेलेला दोन पॉइंट आठ

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेचा पूल उतरून उजवीकडच्या तिसऱ्या गल्लीत रऊफचं दुकान होतं. वडिलांच्या काळी तिथं रेडिओ दुरुस्त व्हायचे. रऊफच्या हाती दुकान आल्यावर आधी टीव्ही आले, मग संगणक. कॉलेजचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. बिघडलेले बोर्ड उसवून, फसून, पुन्हा जोडून तो शिकला होता. गिऱ्हाईक मात्र लांबून यायचं, कारण त्याचं एक नाव झालं होतं. डाळ मिलमधले देवीदास सगळ्यांना सांगत, "रऊफभाईच्या दुकानात डोळे झाकून जा. तो खोटं बोलत नाही."

नवा माल आला की रऊफ आधी स्वतः तपासायचा. २००७ च्या पावसाळ्यात एका नव्या प्रोसेसरचा बोलबाला झाला, तेव्हाही त्यानं तसंच केलं. दुकानात एक जुना पडलेला होता. दोन्ही ड्युअल कोर, दोन्हींत कामाला दोन-दोन मेंदू. जुन्याच्या डब्यावर वेग लिहिलेला होता दोन पॉइंट आठ गिगाहर्ट्झ, नव्याच्या डब्यावर एक पॉइंट आठ. कुणीही म्हणेल, जुनाच भारी. रऊफनं लग्नाच्या व्हिडिओचा एकच तुकडा दोन्हींवर चालवला आणि घड्याळ लावून बसला. जुन्यानं साडेचोपन्न मिनिटं घेतली, नव्यानं एक्केचाळीस. मग भिंतीतली पिन काढून दोन्ही यूपीएसच्या बॅटरीवर चालवून पाहिले. जुना नऊ मिनिटांत झोपला, नवा सोळा मिनिटं चालला. जुन्याजवळ हात नेला तर तव्यासारखी धग लागत होती. भाव जवळपास सारखाच.

"वीज जास्त खाते, काम कमी करते," रऊफ स्वतःशीच म्हणाला. त्याला काही संशय उरला नाही.

पण तो जुना वर्षभर कपाटात होता आणि ज्याच्याकडून घेतला, तो आता परत घेत नव्हता.

दिवाळीनंतर मोर्शीहून दामिनी आली. देवीदासची भाची, पंचवीस-सव्वीस वर्षांची. अमरावतीच्या एका स्टुडिओत तीन वर्षं राबून ती लग्नाचे व्हिडिओ काढायला आणि जोडायला शिकली होती. आता मोर्शीत स्वतःची खोली घेतली होती. बाई माणूस कॅमेरा घेऊन वरातीपुढे उलटी चालते, म्हणून आधी लोक हसले. मग घरातल्या बाया तिच्यासमोर मोकळेपणानं बसतात हे पाहून तिलाच बोलावू लागले.

काउंटरवरच्या दोन डब्यांकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "चाचा, मिक्सिंगले यातला कोणता चांगला? अमरावतीत दुकानं हायेत, पण मामा म्हणे चाचालेच इचार."

रऊफनं तिच्याकडे पाहिलं, मग डब्यांकडे. "बेटा, आकडा तर समोरच हाय. दोन पॉइंट आठ कुठी अन् एक पॉइंट आठ कुठी."

एवढंच तो बोलला. यात एक शब्द खोटा नव्हता. दामिनीनं मान हलवली, दोन पॉइंट आठवर हात ठेवला. "मंग हाच द्या." रऊफनं तो बसवून तिचा संगणक जोडून दिला आणि भावही कमी केला नाही. ती निघाली तेव्हा तिच्या कॅबिनेटला त्यानं स्वतः सुतळी बांधून दिली.

त्या वर्षांत मोर्शीत दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास वीज जायची. कापसानं आणि संत्र्यानं सगळ्यांनाच रडवलं होतं. स्वतंत्र मांडव घालणं जमेना, म्हणून गावं एकत्र येऊन सामूहिक लग्नं लावू लागली. २००८ च्या अक्षय तृतीयेला मोर्शीजवळ असाच एक मांडव उभा राहिला. एका दिवशी सत्तावीस जोडपी. व्हिडिओचं काम दामिनीला मिळालं. प्रत्येक जोडप्याला त्याची वेगळी सीडी द्यायची होती.

दोन कॅमेरे, दिवसभर ऊन. संध्याकाळी तिनं सगळं चित्रण संगणकात उतरवलं. दुसऱ्या दिवशी चांदूर बाजारला काम होतं आणि टेपा तेवढ्याच होत्या. तिनं त्याच टेपा पुन्हा वापरल्या. ती नेहमीच तसं करायची.

नंतरच्या आठवड्यात तिचा फोन आला. "चाचा, मशीन आपोआप बंद पडून राहिली. अर्धी सीडी झाली की फट्‌दिशी बंद. वीज असली तरी."

पारा पंचेचाळीसवर होता. पत्र्याची खोली आणि आत तो तवा. रऊफला फोनवरच सगळं दिसलं. मशीन बंद ठेव, मी नवा घेऊन येतो, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? पण मग आधी का नाही सांगितलं, तेही बोलावं लागलं असतं.

"कॅबिनेटचं झाकण खोलून ठेव," तो म्हणाला. "टेबल फॅन लाव समोर."

"बरं चाचा," ती म्हणाली. तिचा विश्वास बसला होता.

चार दिवसांनी ती दुकानात आली. चादरीत गुंडाळलेलं कॅबिनेट मांडीवर घेऊन मोर्शीहून अमरावती, अमरावतीहून अकोला, दोन एसट्या बदलून. डोळे सुजलेले. बंद पडता पडता, ज्यात सगळं चित्रण होतं ती हार्ड डिस्कच बसली होती. सत्तावीसांतल्या चारच जोडप्यांच्या सीड्या झाल्या होत्या.

"माहीच चूक झाली चाचा," ती म्हणाली. "टेपा पुसाले नोको होत्या. मले अक्कलच नाई."

रऊफ स्क्रू काढत होता. बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि निघालं भलतंच, "पाहतो बेटा. ठेवून जा."

डिस्कमधून टकटक आवाज येत होता. गेलेला डेटा ओढून काढणारं एक सॉफ्टवेअर त्याच्याकडे होतं. नऊ दिवस दुसरं काम घेतलं नाही. तुकडा तुकडा करून हळद लागलेले हात, अंतरपाट, रांगेनं बसलेल्या नवऱ्या मुली बाहेर येत होत्या. आवाज कुठं होता, कुठं नव्हता. या मुलींना तो ओळखत नव्हता, तरी आता एकेक चेहरा पाठ झाला. स्वतःची समजूत घालायलाही त्यानं कमी केलं नाही. ऊन होतं, वीज जात होती, टेपा तिनंच पुसल्या. पण घड्याळ लावून मोजलेली मिनिटं त्याचीच होती.

त्याची बायको सितारा दुपारचा डबा घेऊन आली तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं.

"उस बच्ची को बोले?"

"नई."

"फिर ये क्या रिपेर कर रए तुम?" असं म्हणून तिनं डबा ठेवला आणि निघून गेली.

एकोणीस जोडप्यांचं काढता आलं. आधीच्या चारांच्या सीड्या दामिनीकडे होत्याच. उरलेल्या चारांचं मात्र काही म्हणजे काही हाती लागलं नाही. रऊफनं कॅबिनेटमध्ये नवी डिस्क घातली, जुना प्रोसेसर काढून एक पॉइंट आठ बसवला, त्याला लागणारा बोर्डही बदलला आणि मोर्शीची वाट धरली.

दामिनीच्या खोलीत एक बाई आधीच बसली होती. जमुना तिचं नाव. तिची मुलगी शकुन त्या मांडवात लग्न होऊन परतवाड्याकडे गेली होती. जमुनाला पायामुळे मांडवात उभं राहता आलं नव्हतं, म्हणून सीडीची वाट पाहत ती हा तिसरा हेलपाटा मारत होती. चार गेलेल्यांत शकुन होती.

"माह्या हातून गेलं माय," दामिनी तिला सांगत होती. "मी टेप पुसली."

"तिच्या हातून नाई," रऊफ दारातूनच म्हणाला. दोघींनी वर पाहिलं. "मी तिले जे इकलं, ते गरम होते, कमी काम करते, हे मले माहीत होतं. मी मोजून पाहिलं होतं. बाजूले चांगलं पडलं होतं, त्याच भावात. माहा माल पडून होता म्हणून मी बोललो नाई."

जमुनाला प्रोसेसर म्हणजे काय ते कळलं नाही, आणि कळायची गरजही पडली नाही. "तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग काहून देलं पोरीले?"

जमुना काठी टेकत उठली आणि त्याच्या अंगावरून निघून गेली.

दामिनी म्हणाली, "इकाले ठेवलं तं इकलं. धंदा हाय. पण मी फोन केला तवा? तवा तरी सांगाचं होतं ना चाचा. चार दिवस होते माह्याजवळ. डिस्क तवा जित्ती होती."

"हो," रऊफ म्हणाला.

नव्या सामानाचे पैसे तो घेणार नव्हता, पण तिनं डिस्कचे मोजून हातावर ठेवले. "प्रोसेसरचे देत नाई. ते तुमच्याकडेच निघतात."

त्यानंतर रऊफ चार वेळा मोर्शी तालुक्यात गेला. उरलेल्या चार जोडप्यांच्या घरी जाऊन, वऱ्हाडातल्या कुणी मोबाइलवर काही काढलं असेल का, कुणाच्या कॅमेऱ्यात फोटो असतील का, ते विचारत फिरला. कुणी चहा पाजला, एकानं दारातूनच हाकललं. तीन जोडप्यांचे थोडेफार फोटो मिळाले. दामिनीनं ते गाण्यावर जोडून दिले. शकुनचा एकच फोटो सापडला, त्यातही ती दुसऱ्या जोडप्याच्या मागे उभी होती. तो मोठा करून रऊफनं जमुनाच्या घरी नेला. तिनं घेतला. पाणीही विचारलं नाही, आणि त्याला वाटलं, ठीकच आहे.

दुकानात पुढे तो गिऱ्हाइकाला इतकं सांगायला लागला की लोक वैतागत. कोणता किती तापतो, कोणता यूपीएसवर किती टिकतो, कोणता घेऊ नको. अर्धे म्हणत, "भाऊ, द्याचं असन तं द्या, भाषण नोका देऊ." काही तसेच उठून जात. देवीदास मात्र आता कुणाला डोळे झाकून पाठवत नसत.

दोन वर्षांनी अमरावतीच्या बसस्थानकावर दामिनी भेटली. खांद्याला नवा कॅमेरा होता. तिनंच हाक मारली, दोघांनी उभ्याउभ्या चहा घेतला. काम बरं चाललं होतं. अमरावतीतूनच नवी मशीन घेतल्याचं तिनं सांगितलं. प्रोसेसर कोणता, किती तापतो, यूपीएसवर किती चालतो, सगळं तिला तोंडपाठ होतं. रऊफ ऐकत राहिला.

बरोबर घेतला का, हे तिनं त्याला विचारलं नाही. मोर्शीची गाडी लागली तशी ती "येतो चाचा" म्हणून चढली.