विहिरीतून परत आलेली तसबीर

समोरच्या काकूंनी माझा ड्रम घंटागाडीत घातला त्या दिवसापासून मी त्यांचं वाईट चिंतलं. आजही चिंतते. हे कुणाला सांगायचं नाही, म्हणून लिहून ठेवते.

जुळे सोलापुरात आमची कॉलनी आहे तिथं आधी शेत होतं. शेताचे प्लॉट पडले, घरं उठली आणि मोकळ्या जागेच्या कोपऱ्यात विहीर तेवढी तशीच राहिली. दगडी कठडा, लोखंडी रहाट, आणि पाणी कधी न आटणारं. आम्ही तिथं मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आलो. आमचे हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. आणि दारात विहीर असून बाया तिच्याकडं नाक दाबून बघायच्या.

मी डोकावून पाहिलं तर पाणी दिसेना. वर सगळ्या पिशव्या. देवाची शिळी फुलं कचऱ्यात टाकायची नाहीत, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायची नाहीत, पाण्यात सोडायची, ही रीत सगळ्यांना ठाऊक. पण वाटेत सांडायला नकोत म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची, वर गाठ मारायची आणि पिशवीसकट सोडायची. म्हणजे फुलं पाण्याला लागायचीसुद्धा नाहीत. आत कुजून त्यांचं काळं पाणी व्हायचं आणि पिशवी फुगून तरंगत राहायची. हात जोडून टाकायचे सगळे.

माझं माहेर सांगोल्याकडं. माझी शाळा चौथीत सुटली ती टँकरमुळं. टँकर यायची आणि शाळा भरायची वेळ एकच, आणि घागर घेऊन उभं राहायला घरात मीच होते. त्यामुळं असेल, पाण्यात घाण टाकणारं माणूस दिसलं की माझ्या अंगात काहीतरी चढतं. तोंडातून शब्द फुटत नाही. चारचौघांत तर मान वर होत नाही माझी. पण आत चढत राहतं.

माहेराहून मी गळ आणला. विहिरीत पोहरा पडला की काढायला असतो तो, दोराला बांधलेल्या लोखंडी आकड्यांचा झुपका. रोज पहाटे कुणी उठायच्या आत मी गळ सोडायची आणि निघेल ते वर ओढायची. पिशव्या फोडायची, फुलं एकीकडं, प्लॅस्टिक एकीकडं. हाताचा वास जेवतानासुद्धा जायचा नाही. हे म्हणायचे, "तुला कुणी सांगितलंय गं?" कुणीच नव्हतं सांगितलं.

उन्हाळा संपेपर्यंत पाणी दिसायला लागलं. मग शेजारच्या दोघीतिघी पोहरा घेऊन यायला लागल्या. आधी सडा मारायला, मग धुण्याला, मग झाडांना. ह्यांनी कारखान्यातून एक रिकामा निळा ड्रम आणून दिला. त्याला खालून भोकं पाडली आणि विहिरीजवळ ठेवला. त्यात फुलं, हार, वाळका पाला, घरातली भाजीची सालं. मी बोलून कुणाला सांगितलं नाही. मीच माझी टोपली नेऊन रिकामी करायची, ते बघून बाया टाकायला लागल्या. एका म्हाताऱ्या आजी तेवढ्या हसून म्हणाल्या, "टाक गं. शेवटी मातीच व्हायची की सगळ्याची. माझी पण."

काकूंना ते खपलं नाही. काकू म्हणजे अगदी समोरचं दुमजली घर. मुलाचं चादरींचं दुकान आहे. कॉलनीत भिशी त्यांच्याकडं, हळदीकुंकू त्यांच्याकडं, आरतीला पहिला आवाज त्यांचा. मी आले तेव्हा मला म्हणाल्या होत्या, "बोलत नाहीस का गं? मुकी आहेस की काय?" आणि सगळ्या हसल्या होत्या. तेव्हापासून माझं नावच पडलं, मागची मुकी.

"देवाची फुलं कांद्याच्या सालीत?" त्या ड्रमपाशी उभ्या राहून म्हणाल्या. "कुठल्या खेड्यातली रीत ही? आणि हा वास विहिरीचा नाही, ह्या ड्रमचा आहे."

वास कसला यायचा नाही त्याला. आलाच तर पहिल्या पावसातल्या मातीसारखा यायचा. मला हे म्हणता आलं नाही.

दसऱ्यानंतर मी दोन दिवस माहेरी गेले. परत आले तर ड्रम नव्हता. आत तयार होत आलेलं खत, काळं, हातात घेतलं तर भुरभुरणारं, तेही नव्हतं. आजींनी सांगितलं, काकूंनी घंटागाडीवाल्याला थांबवून स्वतः उभं राहून तो गाडीत घालायला लावला. आणि म्हणाल्या, "ती काय बोलणार आहे? मुकी तर आहे."

त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. हे विचारत राहिले, काय झालं, काय झालं. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. रडत नव्हते. काय करता येईल तेवढंच बघत होते.

संधी काकूंनीच दिली. दिवाळीला मुलानं लक्ष्मीची मोठी नवी तसबीर आणली, सोनेरी चौकटीची, आत दिवे लागणारी. मग जुनीचं काय करायचं? भिंतीवरून उतरवलेला देव घरात ठेवत नाहीत. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत होते. काकू आल्या, मुलाच्या दुकानाची पिशवी कठड्यावर ठेवली, हात जोडले आणि पिशवी आत सोडली.

ती मी तिसऱ्या प्रहरी काढली. हवा भरलेली, तरंगत होती, पहिल्याच फेकीला गळाला लागली. आत तीच जुनी तसबीर. काचेला एका कोपऱ्यात तडा. लक्ष्मीच्या कपाळावर काकूंनी कधीतरी सोनेरी टिकली चिकटवलेली, ती तशीच. मी काच पुसली, चौकट पुसली आणि पलंगाखाली ठेवून दिली. माझं मन इतकं शांत कधी झालं नव्हतं.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आला. काकूंच्या घरी मोठी पूजा असते. पहाटेच उठून त्या फाटकापासून उंबऱ्यापर्यंत रांगोळीनं लक्ष्मीची पावलं काढतात, लहान लहान, घराकडं जाणारी. पावलं काढून त्या अंघोळीला गेल्या. मी रस्ता ओलांडला. पहिलं पाऊल जिथं होतं तिथं फाटकाला टेकवून तसबीर ठेवली, तोंड घराकडं. रांगोळीला धक्का लागू दिला नाही.

मग खिडकीत येऊन बसले.

काकू ओल्या केसांनी बाहेर आल्या. हातात हळदकुंकवाचं ताट होतं. ते खाली पडलं. मी आवाज ऐकला आणि खरं सांगते, माझ्या पोटात गार वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. मग सूनबाईला हाक मारायला तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. दिवसभर त्या घराबाहेर आल्या नाहीत. कुणाला काय सांगणार? आपणच आपली लक्ष्मी पिशवीत घालून विहिरीत टाकली, हे?

दोन दिवसांनी त्यांनी ती परत टाकली. ह्या वेळी पिशवीत दगड घातला होता, गाठ पक्की होती. तळाला गेली. मला काढायला वेळ लागला, हाताची सालं गेली. पुढच्या गुरुवारी ती पुन्हा पहिल्या पावलावर उभी. दगड आणि पिशवी मी ठेवून घेतली.

इथवर सगळं माझ्या मनासारखं झालं. पण मी काकूंना ओळखलं नव्हतं. मला वाटलेलं त्या भितील, झुरतील, येऊन मला विचारतील तरी. दुसऱ्या वेळी त्या घाबरल्या, ते दुपारपर्यंतच. संध्याकाळी त्यांच्या दारात बायकांची ही गर्दी. तसबिरीला हार घातलेला.

"दारात आली गं लक्ष्मी," काकू सांगत होत्या. "विहिरीतून आली. अंगावर पाणी होतं तिच्या, मी डोळ्यानं पाहिलं. दोनदा आली."

"पुण्याई लागते बाई त्याला," कुणीतरी म्हणालं.

टाकली कुणी, हे त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून विहिरीला कुंकू लागलं. कठड्यावर उदबत्त्या. बाया ओटी घेऊन यायला लागल्या, पलीकडच्या कॉलनीतूनसुद्धा. नारळ, खण, तांदूळ, हार, आणि सगळं पिशवीत बांधून विहिरीत. मी उन्हाळाभर जे काढलं होतं ते सगळं आठवड्यात परत भरलं. पाण्यावर तवंग आला. शेजारणींनी पोहरे आणणं बंद केलं. देवीच्या विहिरीचं पाणी धुण्याला कसं घ्यायचं म्हणाल्या. माझा डाव माझ्यावरच उलटला होता. आणि काकू रोज सकाळी पाट टाकून विहिरीपाशी बसत होत्या, येणाऱ्या बायांना कुंकू लावत.

मी गप्प राहिले असते तर विहीर गेलीच होती. कुणी तरी कधी तरी बुजवा म्हणालं असतं. सांगोल्यात मी बुजलेल्या विहिरी बघितल्या आहेत. वरून बाभळ उगवते आणि खाली पाणी होतं हे पोरांना खरं वाटत नाही.

शेवटच्या गुरुवारी काकूंनी विहिरीपाशीच उद्यापन ठेवलं. सगळी कॉलनी जमली. मी गळ घेऊन गेले. मला वाट कुणी दिली नाही, मीच अंग चोरून कठड्याशी गेले आणि गळ खाली सोडला.

"अगं ए, काय करतेस?" काकू ओरडल्या. "पूजा चाललीय!"

मी ओढलं. पहिली पिशवी वर आली, दुकानाच्या नावाची. कठड्यावर ठेवली. काळं पाणी पाटाकडं वाहिलं. पुन्हा सोडला. पुन्हा त्याच दुकानाची पिशवी. पुन्हा. काकूंच्या घरातून निघालेलं सगळं त्याच पिशव्यांत असायचं, फुकट मिळणाऱ्या. बाया मागं सरकल्या. वास सुटला होता. मग मी ठेवून घेतलेली, कमरेला खोवलेली ती पिशवी काढली आणि दगडासकट पाटावर ठेवली, हारांवर.

"ह्यातनं तुमी लक्ष्मी टाकलीवती, काकू," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "बुडावी म्हणून दगड घातला. दोन्ही येळंला मीच काढली. पुसून तुमच्या दारात मीच ठेवली."

काकूंचा चेहरा पांढरा पडला.

"खोटं बोलतेय ही," त्या म्हणाल्या. "मुकी म्हणता म्हणता..."

"मग तुमच्या दुकानात जाऊन पिशवी घेऊन आली म्हणायची लक्ष्मी," म्हाताऱ्या आजी म्हणाल्या. "चादर पण घेतली का गं तिनं?"

पहिल्यांदा काकूंची सूनच हसली. पदर तोंडात कोंबला तरी हसू बाहेर आलं. मग सगळ्याच. मी हसले नाही. मी काकूंकडं बघत होते. त्यांना पाटावरून उठायचं होतं आणि उठता येत नव्हतं, पुढं काळं पाणी साचलं होतं.

"माझा ड्रम," मी म्हणाले. "माझा ड्रम गाडीत घातला तुमी. आता तुमचा द्यायचा."

संध्याकाळी सूनबाई त्यांच्या न्हाणीघरातला ड्रम ढकलत घेऊन आल्या. "मावशी, सासूबाईंनी दिला नाही, मीच आणला," म्हणाल्या. मला तेही चाललं. ह्यांनी भोकं पाडून दिली. घरात आल्यावर म्हणाले, "लई बोललीस म्हणं आज. कारखान्यातल्या एकाच्या बायकूनं त्येला सांगितलं, त्यानं मला."

"लई न्हाई," मी म्हणाले. "लागतं तेवढंच."

विहीर साफ व्हायला पुन्हा किती तरी दिवस लागले. ह्या खेपेला गळ ओढायला आणखी दोघी होत्या. पोहरे परत आले. कठड्यावरचं कुंकू अवकाळी पावसानं धुतलं.

काकू माझ्याशी बोलत नाहीत. मीही बोलत नाही. पण आता कॉलनीचा डोळा आहे, विहिरीत टाकता येत नाही. सूनबाईही त्यांची फुलं नेत नाहीत, तुमची तुम्ही न्या म्हणतात. म्हणून काकूंनाच यावं लागतं. पूजा आटोपली की त्या पिशवी घेऊन फाटकातून निघतात, इकडंतिकडं बघत. मी त्याच वेळी भाजीच्या सालींची टोपली घेऊन ड्रमपाशी जाते. रोज. आजारी असले तरी जाते.

पिशवीची गाठ त्यांना स्वतःच्या नखांनी सोडवावी लागते. फुलं हातानं काढून टाकावी लागतात. रिकामी पिशवी घडी करून घरी न्यावी लागते. हे सगळं माझ्यासमोर. मी घाई करत नाही. त्यांची फुलं पडली, की त्यांच्यावर माझी कांद्याची सालं टाकते.