गूळ उचलला, पाणी ठेवले

आमच्या विहिरीचे पाणी आंबले तेव्हा मी शाळेत होते. सोलापूरहून मोहोळकडे जाताना लागणाऱ्या एका डेअरीमागे, ओढ्याकाठी आमचे शेत. टाक्या धुतलेले पाणी डेअरी ओढ्यात सोडी आणि ते झिरपत विहिरीत उतरे. घागर उचलली की नासक्या ताकाचा वास केसांत शिरायचा आणि उशीपर्यंत सोबत यायचा.

आईने तक्रार केली, तेव्हा डेअरीचा साहेब पाहायला आला. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी द्यायचे, मग तो कोणी का असेना. आईने त्याच विहिरीचे पाणी तांब्या भरून दिले. दुसरे होतेच कुठे? त्याने गूळ खाल्ला. पाण्याला बोटही लावले नाही.

"मावशी, दुधाचंच धुवण की ते, विष नव्हे," म्हणाला आणि नाकाला रुमाल लावून गाडीत बसला.

तो भरलेला तांब्या मी मनात जपला, कोयत्याची धार जपावी तसा. रसायनशास्त्र शिकले ते त्या तांब्यासाठी. त्याच डेअरीत नोकरी धरली, तीही त्याच्यासाठीच.

गेल्या उन्हाळ्यात तिथे धुवणातून पाणी परत मिळवण्याचा प्रकल्प उभा राहिला आणि माझ्याकडे आला. पांढऱ्या नळ्यांत गुंडाळलेले तलम पडदे. पंप धुवणाला त्यांवर रेटतो, दुधाचा अंश नि क्षार अलीकडे अडतात, पलीकडे निर्गंध, नितळ पाणी उतरते. ते क्रेट आणि टँकर धुण्यासाठी होते, पिण्यासाठी नव्हे. पण त्याची प्रत्येक तपासणी मी केली होती, आणि पहिला घोटही मीच घेतला होता.

उद्घाटनाला तोच साहेब आला. आता संचालक झालेला. आईला मी पहिल्या रांगेत बसवले आणि ताट पुढे केले. गूळ, आणि एक पेला.

"डेअरीचंच धुवण आहे, साहेब. गाळलेलं. मी रोज पिते."

तो हसला. गूळ तोंडात टाकला, बोटे पुसली. पेला तसाच.

"का वो सायेब," आईचा आवाज आला, "आजबी नुसता गूळच?"

तो वळला. ओळख त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू चढली, साय धरावी तशी.

"दुधाचंच धुवण की ते," आई म्हणाली, "इख न्हवं."

सगळा मंडप पाहत होता. त्याने पेला उचलला. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होताना मी डोळे भरून पाहिली, एकेक घोट. त्या सुखाची मला आजही लाज वाटत नाही.

"चांगलं आहे," तो पुटपुटला.

"हाय की. माझ्या पोरीनं गाळलंय. आता आमच्या हिरीचं प्यायला चला. ते अजून तसंच हाय."

"मावशी, पुन्हा कधीतरी…"

त्याची गाडी ओढ्याकडच्या, आमच्या विहिरीलगतच्या फाटकाशी लावायला मी चालकाला सकाळीच सांगून ठेवले होते. आई पदर खोचून पुढे निघाली. उरलेला गूळ मी कागदात बांधून घेतला.