पंख्यातल्या अक्षता
मी काही लिहिणारा माणूस नाही, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, त्यामुळे चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. पण झेंडूचा वास आला की मला अकोटच्या कापूस पिंजणाऱ्या जिनिंगचं ऑफिस आठवतं. अकोल्याला शिकताना मी सुट्टीच्या दिवशी तिथले कॉम्प्युटर सांभाळायचो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुनीमकाकांचा कॉम्प्युटर सुरू होऊन लगेच बंद पडू लागला. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग वाढत होती. मालक काकांवर डाफरले, "दुपारपर्यंत चालू नाई झाला, तं उद्यापासून तुमी गेटवर बसा." पन्नाशी ओलांडलेले काका वर्षभर खपून एका बोटाने टाइप करायला शिकले होते. मला हळूच म्हणाले, "काल तं त्याची पूजा केली म्या, आज कावून रुसला?" तोवरच्या कामात मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागदच काय तो काढला होता, कॉम्प्युटर कधी उघडला नव्हता. तरी दुरुस्त झाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून मी एकेक स्क्रू काढला. वरच्या जाळीतून पडलेल्या पूजेच्या अक्षता आतल्या पंख्यात रुतल्या होत्या. चिमट्याने दाणा न् दाणा वेचला, तेव्हा पंखा गरगरला आणि स्क्रीन उजळली. "काय निघालं?" मालकांनी विचारलं. काकांचा चेहरा पडला. "रुई," मी म्हणालो; कापसाचे तंतू तिथे सगळीकडे उडतच असायचे. काकांनी खुर्ची ओढली आणि एका बोटाने पहिल्या गाडीची पावती टाइप करायला घेतली. परवा अकोटहून कळलं, काका निवृत्त झाले, आणि निरोपाचा हार गळ्यात असतानाच मालकांना म्हणाले, "त्या दिवशी रुई नवती निघाली, माह्या हातच्या अक्षता होत्या. पोट्टा माह्यासाठी खोटं बोलला."