दाबून धरा, पाहू नका

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात आजवर ज्याने कशाचीही घाई केली नाही असा एकच माणूस मला भेटला, आणि माझं नशीब असं की तो सर्जन होता आणि मी त्याच्या ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर. मी कशी आहे ते आधी सांगते, म्हणजे आमचं जमणं किती अवघड होतं ते कळेल. मी रोज सकाळी दिवसाच्या कामांची यादी करते. यादी करण्याआधीच उरकलेली कामंसुद्धा तिच्यात लिहिते आणि लगेच खोडते, केवळ खोडण्याच्या सुखासाठी. घरातल्या प्रत्येक डब्यावर माझी चिठ्ठी असते. एकदा माझा नवरा शर्टाच्या खिशावर 'नवरा' अशी चिठ्ठी लावून माझ्यासमोर चहा पीत बसला होता. मी फक्त अक्षर सुधारून दिलं.

डॉक्टरसाहेब साठीच्या पुढचे, खैरलांजीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. दवाखान्यात स्कूटरने येत. वाटेत म्हैस बसलेली असली की ती उठेपर्यंत स्कूटर बंद करून थांबत. मी चिडले की म्हणत, "तिचं झालं की उठते जी ते." टेबलावर झोपवलेल्या पेशंटला भूल देण्याआधी यंदा कोणता धान लावला हे विचारल्याशिवाय त्यांचं ऑपरेशन सुरू होत नसे. उत्तर चिन्नोर आलं तर संपलंच. रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, कधी केला, पाणी कसं आहे, वास तसाच येतो का, अशी चौकशी चाले आणि भूल देणारे डॉक्टर सिरिंज हातात घेऊन छताकडे बघत. लांजीच्या एका म्हाताऱ्याने तर रोवण्याची गोष्ट पुरी झाल्याशिवाय झोपायला नकार दिला होता. मी माझ्या वहीत उशिराचं कारण 'रोवणा' असं लिहिलं.

पोट उघडल्यावर रक्त दिसलं तरी ते 'रक्त' हा शब्द वापरत नसत. त्यांची मापं धानाच्या शेतातली होती. थोडं आलं की 'ओल', जास्त आलं की 'झिरपा', आणि धावपळ करायची वेळ आली की 'बांधी फुटली', म्हणजे बांध घातलेल्या खाचरातलं पाणी सुटलं. पण फुटली तरी ते पहिली गोष्ट तीच करत. गॉजची मोठी घडी, जिला आम्ही मॉप म्हणतो, ती कोमट सलाईनमध्ये पिळून त्या जागी ठेवायची, तिच्यावर तळहात दाबायचा आणि भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं मोजायची. मोठी रक्तवाहिनी असेल तर ती बांधत, टाका घालत. पण सगळीकडून नुसतं पाझरत असेल तर हात हेच पहिलं औषध. त्या पाच मिनिटांत मॉप उचलून बघायला कोणालाही परवानगी नव्हती. "भाताचं झाकण घडीघडी काढलं तर भात शिजन का?" असं म्हणून ते गोष्टी सांगू लागत. त्या पाच-पाच मिनिटांत मी वैनगंगेतले मासे साफ करायला शिकले, त्यांच्या सासऱ्यांच्या तीन म्हशींची नावं पाठ केली आणि मनातल्या मनात हजार याद्या केल्या. माणूस नुसता उभा राहतो आणि त्याला काम म्हणतो, हे मला पटतच नव्हतं.

रक्त थांबवायला कपाटात वेगळं साहित्यही असे. जिलेटीनचा स्पंज होता आणि सेल्युलोजची पातळ जाळी होती. दोन्ही पोटात ठेवता येतात आणि हळूहळू विरघळून जातात. साहेब त्यांना 'पाहुणे' म्हणत. "पाहुणे मदत करतेत, पण आधी घरच्यानं हात लावावा." मला मात्र पाहुण्यांची व्यवस्था चोख हवी होती. म्हणून मी तयारीची एक सुबक यादी केली, लॅमिनेट केली आणि भिंतीवर लावली. तिच्यातलं सातवं कलम होतं : 'रक्त थांबवण्याचे सर्व साहित्य आधीच सलाईनमध्ये भिजवून ठेवणे.' स्पंज भिजवून वापरतात, तेव्हा बाकीचंही तसंच, एकसारखेपणा म्हणून.

एके दुपारी लांजीकडची एक बाई आली. मोटरसायकलवरून मागच्या मागे पडली होती. यकृत फाटलं होतं. साहेबांनी टाके घातले, मोठी धार थांबली, पण फाटलेल्या रुंद जागेवरून पाझर चालूच राहिला. पाच मिनिटं दाबून झालं, तरी पाझर होताच.

"जाळी द्या जी, सिस्टर. कोरडी."

मी वाटीत पाहिलं. दोन्ही जाळ्या भिजलेल्या पापडासारख्या पडल्या होत्या. दवाखान्यात तेवढ्याच होत्या. नवीन गोंदियाहून संध्याकाळी यायच्या होत्या.

"मी भिजवल्या, सर."

"काहून?"

"यादीत आहे."

"यादी कोणं केली?"

"मी."

भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "सर, प्रेशर गिर रहा है. खून की एक ही बोतल बची है."

साहेब मला काही बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "ओली जाळी नाही धरत. घ्या चार मॉप." मग त्यांनी ते नीट रचले आणि माझा हात धरून त्यांवर ठेवला. "आता तुम्ही दाबा. दहा मिनिटं. मी बाकीचं पोट पाहून घेतो."

आयुष्यात मला इतकी मोठी शिक्षा कोणी दिली नव्हती. बोटांखाली ती बाई श्वास घेत होती. घड्याळाचा काटा अडकलाय असं मला वाटलं. चौथ्या मिनिटाला माझा अंगठा आपोआप उचलला गेला.

"पाहू नका."

"सर, थांबलंय का एवढंच—"

"मलेही पाहावं वाटते जी. रोजच वाटते. म्हणून तर म्हशीच्या गोष्टी सांगत राह्यतो. हात उचलू नये म्हणून." मग मान वर न करता म्हणाले, "आज तुम्ही सांगा. सकाळी काय रांधलं?"

मी सांगितलं. वरण, भात, वांग्याची भाजी. मग फोडणी कशी दिली, वांगी कुठून आणली, भाजीवाल्याने एक किडकं कसं खपवलं. दहाव्या मिनिटाला त्यांनी माझा हात बाजूला केला आणि मॉप हलक्या हाताने, भिजवत भिजवत सोडवले. एका कोपऱ्यात थोडी ओल होती. तिथे भिजवलेल्या स्पंजाचा तुकडा ठेवून त्यांनी पुन्हा दाबलं. ती थांबली. पोट बंद करण्याआधी मी मॉप चार वेळा मोजले आणि साहेब चारही वेळा माझ्यासाठी थांबले. सातवं कलम मी त्याच दिवशी बदललं.

बाई वाचली. दरवर्षी धान निघाला की ती तांदळाची पुडी घेऊन येते आणि माझा हात हातात घेते. साहेबांनी तिला सांगून ठेवलं होतं की तुझं रक्त सिस्टरच्या हातानं थांबलं. ती आली की मी दर वेळी कपाट लावायला निघून जात असे. यंदा मात्र गेले नाही.

"बाई, त्या दिवशी चूक माझी होती. जाळी मी भिजवली होती."

"मले मालूम हाये जी," ती पुडीची गाठ सोडत म्हणाली. "साहेबानं मले शुद्ध आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगतलं. म्हणे, सिस्टर चुकली, पण मंग दहा मिनिटं हात हालू देला नाही. म्हणे, मीच लपवून ठेवलं असतं तं तू कोणाचा भरोसा केला असता." मग तिने इकडेतिकडे पाहिलं. "साहेब दिसत नाहीत?"

"त्यांनी ऑपरेशनं सोडली. हात थरथरतो आता. लामत्याला लेकीकडे असतात."

"तुम्ही जाता का भेटाले?"

"जायचंय," मी म्हटलं. गेले दहा महिने मी हेच म्हणत होते.

"मंग चाला ना. बस हाये आता."

थिएटरच्या चाव्या मी दुसऱ्या सिस्टरकडे दिल्या. बसमध्ये आम्ही दोघी शेजारी बसलो, पुडी तिच्या मांडीवर. गाव मागे पडल्यावर तिने विचारलं, "काय बोलायचं जी त्याहिले?" मी खिडकीबाहेर पाहिलं. कापलेल्या धानाच्या बांध्या लांबवर पसरल्या होत्या. "यंदा कोणता धान लावला, ते आधी तेच विचारतील," मी म्हटलं.