मागून केलेला फोकस

अमरावतीत माझा फोटो स्टुडिओ आहे आणि आयुष्यभर मी लोकांवर खेकसत आलोय. हलू नका, मान सरळ, डोळे उघडे. त्यामुळे फोटो काढून झाल्यावर फोकस बदलता येणारा मोबाइल घेतला, तेव्हा सगळ्यांत जास्त मीच चेकाळलो. दुकानात येईल त्याला दाखवायचो. आता पुढचा चेहरा स्पष्ट आहे ना? मागच्यावर बोट टेकवा, तो स्पष्ट. बायको म्हणाली, "मंग डोये कायले देल्ले देवानं? काढतानीच नीट पाह्यलं त काय होते?" मी तिला वेड्यात काढलं.

धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न अकोल्याला होतं. घरातच फोटोवाला असल्यावर दुसरा कोण सांगतो? पण मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागे मामा उभा राहतो, आणि तिचा मामा मीच, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही. अंतरपाट धरल्यावर भटजी "मामा कुठं आहेत?" म्हणून ओरडले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मोबाइल बायकोच्या हातात कोंबला. "तू नुसती दाबत जाय, फोकस मी मागून पाह्यतो."

मंगलाष्टकं चालू असताना सहज वळून पाहिलं, तर मुलीचे वडील, म्हणजे आमचे जावई, मागे भिंतीजवळ खुर्चीवर बसलेले. सगळा हॉल उभा, अक्षता पडताहेत, आणि हे बसलेत! माझं टाळकं सरकलं. मी डोळे वटारले, हातानं उठा म्हणून खुणावलं. ते उठले नाहीत.

लग्न लागल्यावर मी बहिणीला चारचौघांत बोललो, "पोरीच्या लग्नात पाच मिनिटं उभं राहाले काय झालतं तुया नवऱ्याले?" नंतर स्टेजवर घरच्यांचे फोटो काढले, त्यात जावई नव्हते. मी मुद्दामच बोलावलं नाही.

चौथ्या दिवशी ते गेले. हार्ट अटॅक.

तेरवीच्या दोन दिवस आधी बहिणीच्या घरून, बाळापूरहून, भाचीचा फोन आला. फ्रेमसाठी तिला वडिलांचा लग्नातलाच फोटो हवा होता. मी घरच्या ग्रुपवरचे सगळे फोटो उलथेपालथे केले. पंगतीत ते पाठमोरे, दारात कोणाच्या तरी खांद्याआड. चेहरा एकाच फोटोत होता, बायकोनं काढलेल्या. पुढे नवरी लख्ख, तिच्या मागे मी, आणि माझ्याही मागे धूसर जावई.

"रडू नको," मी भाचीला म्हणालो. "फोकस मागून करता येते. घेऊनच येतो."

बोलून गेलो आणि मग ध्यानात आलं. मोबाइलमधली जागा भरली म्हणून मी लग्नाचे फोटो केव्हाच पुसले होते. घरच्या ग्रुपवर टाकलेली प्रत होती, तिच्यावर कितीही बोट टेकवा, ढिम्म हलत नव्हती. पुसण्याआधी मूळ फोटो कुठे उतरवून ठेवले तेच आठवेना. शेवटी स्टुडिओतल्या जुन्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्याच एका लग्नाच्या फोल्डरमध्ये सापडले. तो फोटो मोबाइलवर घेतला आणि जावयांच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं.

चेहरा वर आला. घामानं डबडबलेला. एका हाताच्या मुठीत छातीवरचा शर्ट आवळून धरलेला. नजर माझ्याकडे होती, आणि ते हसायचा प्रयत्न करत होते. मी डोळे वटारले त्याच क्षणाचा तो फोटो असणार.

मी खुर्चीत बसूनच राहिलो. माझी मला लाज वाटली. बायको डोकावून गेली.

दुसऱ्या दिवशी बाळापूरला गेलो. वाटेत दहा वेळा ठरवलं, सापडला नाही म्हणून सांगायचं. पण बहीण ओसरीवर समोर आली आणि मला खोटं बोलणं जमलं नाही. मोबाइल तिच्या हातात दिला.

तिनं बराच वेळ पाहिलं. "मले माईत व्हतं, भाऊ," ती हळूच म्हणाली. "खुर्ची मीच देल्ली त्यायले. ते म्हणे, पित्त झालं असन. तुया भावाले सांगू नको, तो पोरीच्या मांगून हटन अन् धावत येईन."

मला हुंदका आवरेना. तिनं माझ्या हातावर हात ठेवला, पण नजर आतल्या खोलीच्या दाराकडे. तिथून भाचीचा आवाज आला. "मामा आले का? बाबा दिसते का फोटोत?"

बहिणीनं मोबाइल माझ्याकडे सरकवला. "पोरीवर कर पुन्हा," ती पुटपुटली. "तिनं हे पाह्यलं त जलमभर स्वतःच्या लग्नाले दोष देईन. फ्रेमले आधार कार्डावरचा चालन."

पावलं जवळ येत होती. मी भाचीच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं. जावई पुन्हा धूसर झाले.

तिनं मोबाइल घेतला, मागच्या त्या पुसट माणसावर स्वतःच बोट ठेवायला गेली. मी तो हातातून काढून घेतला.

"तुमी त म्हणे ना मामा, मागून करता येते?"

"नाई होत, माय," मी म्हणालो. "नुसती जायरात हाय."