ओला माल

हितेंद्र गोलतकर डिलाईल रोडच्या चाळीतला. वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर त्यांनी मिळेल ते केलं, पण मुलाला बोटीवर धाडायचं हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. हितेंद्र बोटीवर गेला, एकेक परीक्षा देत वर चढला आणि चाळिशीच्या आत चीफ ऑफिसर झाला. कॅप्टनच्या खालोखालचा हुद्दा. जहाजात माल कसा भरायचा, कुठे भरायचा, घ्यायचा की नाही, हे सगळं चीफ ऑफिसरच्या अंगावर.

त्याचा आतेभाऊ वैभव घाडी गिरगावातल्या एका वाडीत राहायचा. लहानपणी हितेंद्र सुट्टीत कौसल्याआत्याकडे असायचा आणि दोघं चौपाटीवर पडलेले असायचे. हितेंद्रच्या मागे वैभवही बोटीवर गेला. त्याचे फॉर्म हितेंद्रनेच भरून दिले होते. पुढे एकाच कंपनीत दोघांना एकाच जहाजावर जागा मिळाली, हितेंद्र चीफ ऑफिसर आणि वैभव सेकंड ऑफिसर, तेव्हा आत्याने दोघांच्या हातावर दही ठेवलं आणि हितेंद्रला मालवणीत म्हणाली, "तेका बघ हां."

जहाज इंडोनेशियातल्या एका लहान बेटासमोर नांगर टाकून उभं होतं. माल होता निकेलची कच्ची माती. लाल, चिकट. किनाऱ्यावरून उघड्या बार्जमधून, म्हणजे सपाट मालवाहू होड्यांतून, ती यायची आणि जहाजाची क्रेन ती उचलून पोटात टाकायची. आठवडाभर तिथे पाऊस थांबला नव्हता आणि बार्जवर ताडपत्रीही नव्हती.

हा माल फसवा. ढिगाऱ्यात कोरडा वाटतो. पण आत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ओल असली, तर समुद्रात इंजिनाची थरथर आणि लाटांचे हेलकावे बसून तो अचानक चिखलासारखा पातळ होतो. जहाज एका बाजूला कललं की सगळा माल तिकडे वाहतो आणि पुन्हा सरळ होऊ देत नाही. म्हणून नियम असा, की माल पाठवणाऱ्याने त्यात ओल किती आहे आणि किती चालते याचा दाखला द्यायचा. मर्यादेच्या वर असेल तर माल घ्यायचा नाही. दाखला आला होता. पण त्यासाठी माती तपासली होती ती पावसाच्या आधीची.

हितेंद्रने एक पत्र्याचा डबा घेतला, बार्जमधली माती त्यात अर्ध्यापर्यंत भरली आणि डबा डेकवर परत परत आपटला. माती वर चमकायला लागली. मग पाणी सुटलं. शेवटी डबा तिरका केला तेव्हा ती एका बाजूला ओघळली.

"चौपाटीवर आपण पाय आपटायचो ना वाळूवर," तो वैभवला म्हणाला, "ओहोटी लागल्यावर. वाळू कशी लिबलिबीत व्हायची. तेच आहे हे. फक्त पन्नास हजार टन."

त्याने भरणं थांबवलं. कॅप्टन वयस्कर होता, वाईट माणूस नव्हता. त्याने डबा हातात घेऊन स्वतः एकदा तिरका करून बघितला.

"ऑफिसला काय सांगू?" त्याने विचारलं.

"माल ओला आहे सांगा. नवीन नमुने घ्या, लॅबला पाठवा. तोवर मी एक क्रेन हलू देणार नाही."

दोन दिवस ऑफिसचे फोन येत राहिले. फोन कॅप्टनच्या केबिनमध्ये घेतले जायचे, त्यामुळे तिकडून कोण काय बोललं त्याची कुठेच नोंद राहिली नाही. तिसऱ्या दिवशी कॅप्टनने हितेंद्रला बोलावलं आणि त्याच्याकडे न बघता सांगितलं, की त्याला घरी पाठवतायत. कागदावर कारण तब्येतीचं लिहिलं होतं.

"आणि माझ्या जागी?"

"घाडी. त्याच्याकडे चीफ ऑफिसरचं लायसन्स आहे. ऑफिसने त्याला प्रमोशन दिलंय."

वैभव केबिनमध्ये बसला होता. त्याला आधीच कळलं होतं.

"तूपण उतर," हितेंद्र म्हणाला. "आत्ताच सांग, नाही जमणार म्हणून."

"कसं सांगू? दोन वर्षं लायसन्स खिशात घेऊन फिरतोय रे. आज नाही म्हटलं तर हे लोक परत बोलावणार नाहीत."

"वैभ्या, माल ओला आहे."

"माहितीये मला. पावसात नाही घेणार ना. पाऊस थांबला की थोडा थोडा घेईन. कॅप्टन पण आहे की. आणि तू उतरलास म्हणून मी पण उतरलो, तर इथे कोण उरलं बघायला?"

हे शेवटचं त्याने मनापासून म्हटलं होतं. खाली होडी येऊन लागली होती. शिडी उतरताना हितेंद्रने वर पाहिलं तेव्हा वैभव क्रेनवाल्याशी बोलत होता.

हितेंद्र घरी आला आणि बायकोला, अपेक्षाला, सगळं सांगितलं. जहाज निघालं तेव्हा वैभवचा मेसेज आला, "भरलं. निघालो. टेन्शन घेऊ नको." त्यानंतर चार दिवसांनी फिलिपाइन्सच्या बाजूला, पहाटे, जहाज डाव्या अंगावर कललं आणि उलटलं. वीस माणसांतली चार जिवंत मिळाली. वैभव मिळाला नाही. बाकीचेही नाहीत.

गिरगावात हितेंद्र गेला तेव्हा वाडी माणसांनी भरली होती. वैभवची बायको प्राची भिंतीला टेकून बसली होती. आत्याने त्याला दारात पाहिलं आणि उठून उभी राहिली.

"तू उतारलंस," ती म्हणाली. "मगे तेका कित्याक थंय ठेवलंस?"

कोणीतरी तिला धरून खाली बसवलं. हितेंद्र जिना उतरून खाली आला.

काही महिन्यांनी चौकशी लागली. जहाजाचा झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशातला. चौकशीचा माणूस तिसरीकडून मुंबईत येऊन एका हॉटेलात बसणार होता. त्याच्या आधी कंपनीतून हितेंद्रला फोन आला. फोनवरचा माणूस समजुतीच्या सुरात बोलला. तब्येतीमुळे उतरलो म्हणा, वादळ होतं म्हणा. नाहीतर सगळं तुमच्या भावावर येईल, माल घेतल्याची सही त्याची आहे.

हे खोटं नव्हतं. हितेंद्र प्राचीकडे गेला. आत्या आतल्या खोलीत झोपली होती.

"मी खरं सांगितलं, तर माल वैभवने घेतला हे पण त्यात येणार," तो म्हणाला.

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर वादळात बुडालं असं लिहितील. पुढच्या महिन्यात त्याच बेटावर दुसरं जहाज लागेल."

प्राची बोटातली अंगठी फिरवत होती. "मला विचारू नका, भावोजी," ती म्हणाली. "मी हो म्हटलं तरी मला त्रास होणार, नाही म्हटलं तरी होणार. तुमचं तुम्ही ठरवा."

हितेंद्रने खरं सांगितलं. डबा, पाऊस, फोन, प्रमोशन, सगळं. चौकशीच्या माणसाने शांतपणे लिहून घेतलं. अहवाल आला त्यात माल पातळ होऊन जहाज उलटलं हे स्पष्ट होतं. फोनांचा पुरावा नाही असं होतं. आणि चीफ ऑफिसरने, म्हणजे वैभवने, ओला माल स्वीकारून निष्काळजीपणा केला, असं एक वाक्य होतं. कंपनीचं नाव त्या वाक्यात कुठे नव्हतं.

प्राचीने ते वाक्य वाचलं आणि गोलतकरांकडचं येणंजाणं बंद झालं. गणपतीलाही कोणी आलं नाही. हितेंद्रला पुढे कुठल्याच कंपनीने बोलावलं नाही; नकारही कोणी दिला नाही, फक्त फोन येईना. शेवटी लोअर परेलच्या एका ऑफिसात कंटेनरच्या बुकिंगचं काम मिळालं. जहाजं आता त्याला स्क्रीनवर दिसत.

एका रविवारी दुपारी कौसल्याआत्या एकटीच बसने डिलाईल रोडला आली. अपेक्षाने पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. खुर्चीवर टेकली आणि हितेंद्रला म्हणाली, "कागदात लिवलेला प्राचीनं वाचून दाखवल्यान. माका ता नको. तो कसो गेलो ता सांग."

हितेंद्र त्या चारांतल्या एकाला भेटला होता. कोचीचा खलाशी होता तो. त्याने सांगितलेलं हितेंद्रने अजून कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. अहवालात ते एका ओळीत होतं आणि त्यात वैभवचं नाव नव्हतं. आत्याला त्यानेच बरं वाटेल असं हितेंद्रला वाटलं.

"पहाटेची ड्यूटी चीफ ऑफिसरची असते, आत्या. वैभव वर ब्रिजवर होता. जहाज कललं आणि परत सरळ होईना, तेव्हा त्याने भोंगा वाजवला. माइकवरून सगळ्यांना ओरडून सांगितलं, वर या, जॅकेट घाला. ते चौघं त्याच्यामुळे वाचले. शेवटपर्यंत माइकवर त्याचाच आवाज होता."

आत्या ऐकत होती. खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याची पिंपिं चालू होती.

"म्हणजे तो जागो होतो," ती म्हणाली.

"हो."

"माका वाटला, झोपेत गेलो आसतलो. इतके दिवस मी तसाच समजान होतंय." ती थांबली. "म्हणजे तेका कळला."

अपेक्षा तिच्याजवळ जाऊन बसली. आत्याने तिचा हात बाजूला केला, रागाने नाही, आणि पिशवी उचलली.

हितेंद्र तिला सोडायला खाली गेला. बस यायला वेळ होता. ती स्टॉपच्या लोखंडी बाकावर बसली आणि तो उभा राहिला. बस आली तेव्हा ती त्याचा आधार न घेता पायरी चढली. खिडकीतून तिने बाहेर पाहिलं नाही.

ती परत आली नाही. दिवाळीनंतर प्राचीचा अपेक्षाला फोन आला, की सासूबाई रात्री दिवा मालवू देत नाहीत, 'तो जागो आसा' म्हणतात. एवढंच बोलून तिने ठेवून दिला.